पाच स्वरांची हाक

गायनाची मैफल असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : संगीत ही विश्वाची भाषा आहे. टाळ्या पडतात आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. हे वाक्य खरे आहे काय, आणि खरे असेल तर कोणत्या अर्थाने, हे तपासण्यास मात्र सहसा कोणी थांबत नाही. ज्या नियतकालिकात मराठी पाने संपली की कानडी पाने सुरू होतात, त्याच्या वाचकांनी तरी थोडे थांबावयास हरकत नाही.

तपासणीसाठी एक चांगले उदाहरण हाताशी आहे, आणि ते एका विज्ञानपटातले आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या चित्रपटाच्या अखेरीस पृथ्वीवरची माणसे आणि परग्रहावरून आलेले यान यांच्यात एक संभाषण होते. त्यात शब्द नाहीत. केवळ स्वर आहेत. चित्रपटात एका प्रसंगापुरता जो सलग संगीतखंड असतो त्याला त्या व्यवसायात ‘क्यू’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या एका संगीतखंडाची फोड करून पाहावयाची आहे. जवळ हार्मोनियम असेल तर ती घेऊन बसावे. तानपुरा असेल तर अधिकच उत्तम.

प्रसंग

हा चित्रपट अमेरिकेत नोव्हेंबर १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला होता. दोन्ही चित्रपटांचे संगीत जॉन विल्यम्स यांचे. त्या वर्षीच्या ऑस्कर पारितोषिकासाठी दोन्हींची नावे यादीत होती आणि पारितोषिक ‘स्टार वॉर्स’ला मिळाले. परंतु संगीताच्या अभ्यासकाला शिकण्यासारखे ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये अधिक आहे असे मला वाटते. ‘स्टार वॉर्स’मध्ये संगीत कथेला साथ करते, येथे संगीत हीच कथा आहे.

चित्रपटाचे लांबलचक नाव अॅलन हायनेक या खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या वर्गवारीवरून घेतले आहे. आकाशात काही अनोळखी दिसले तर तो पहिल्या प्रकारचा सामना, त्याची काही खूण मागे राहिली तर दुसऱ्या प्रकारचा, आणि त्यातले प्राणीच दिसले तर तिसऱ्या प्रकारचा.

कथेत भाषांतराला फार मोठे स्थान आहे, ही गोष्ट पुष्कळ प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. चित्रपट मेक्सिकोतील सोनोरा वाळवंटात सुरू होतो. काल रात्री सूर्य उगवला आणि माझ्यासाठी गायला, असे एक म्हातारा स्पॅनिशमधून सांगतो. त्याचे इंग्रजी होते आणि इंग्रजीचे फ्रेंच, कारण तपास करणारा शास्त्रज्ञ लाकोंब हा फ्रेंच आहे. ही भूमिका फ्रान्स्वा त्रुफो या प्रख्यात फ्रेंच दिग्दर्शकाने केली. त्याच्याबरोबर असणारा दुभाषी मुळात दुभाषी नाही. तो नकाशे काढणारा आहे आणि फ्रेंच येते म्हणून या कामाला जुंपला गेला आहे. पृथ्वीवरच्या दोन माणसांना एकमेकांचे म्हणणे कळावयास मध्ये तिसरा माणूस लागतो, मग आकाशातून येणाऱ्याशी बोलावयाचे कसे, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

पुढे पाच स्वरांची एक लहानशी सुरावट वारंवार कानावर पडते. हिंदुस्थानातील एका गावी हजारो लोक ती गातात. एक लहान मूल ती आपल्या खेळण्यातल्या झायलोफोनवर वाजवते. शास्त्रज्ञ ती आकाशात पाठवतात तेव्हा उत्तरादाखल आकडे येतात. हे आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश आहेत हे नकाशेवाल्या दुभाष्याच्या ध्यानात येते. ते त्यांना अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील डेव्हिल्स टॉवर या उभ्या कड्यांच्या प्रचंड खडकाकडे नेतात. त्याच्या पायथ्याशी रात्रीच्या वेळी, दिव्यांच्या रांगा लावून तयार केलेल्या मैदानावर, आपला संगीतखंड घडतो.

पाच स्वर

चित्रपटाचे संगीत बहुधा चित्रीकरण व संकलन झाल्यावर रचले जाते. येथे तसे करून चालण्यासारखे नव्हते. पात्रे पडद्यावर जी सुरावट वाजवणार ती आधी ठरावयास हवी होती. विल्यम्स यांनी पाच स्वरांच्या शेकडो जुळण्या लिहून काढल्या आणि दिग्दर्शकाने त्यांतून एक निवडली. विल्यम्स यांना प्रथम सात स्वर हवे होते. स्पीलबर्ग यांना ते फार वाटले. सात स्वर झाले की चाल तयार होते आणि त्यांना चाल नको होती. दारावरची घंटा वाजावी तशी हाक हवी होती.

निवड किती अवघड असेल याचा अंदाज साध्या गणिताने येतो. सप्तकात शुद्ध व विकृत मिळून १२ स्वर. पाच जागा, प्रत्येक जागी १२ पैकी कोणताही स्वर, तर १२ चा पाचवा घात म्हणजे २,४८,८३२ जुळण्या होतात. एकही स्वर दोनदा घ्यावयाचा नाही असे ठरवले तरी ९५,०४० उरतात. यात सप्तक बदलण्याची मुभा आणि लय धरलेली नाही.

जी जुळणी ठरली ती पाश्चात्त्य नावांनी रे, मी, डो, खालचा डो, सोल अशी आहे. आपल्या नावांनी सांगावयाचे तर :

रे – ग – सा – मंद्र सा – मंद्र प

सर्व स्वर शुद्ध आहेत. हार्मोनियमवर काळी चार हा सा धरावा. म्हणजे काळी पाच, वरची पांढरी एक, काळी चार, मग एक सप्तक खालची काळी चार आणि शेवटी तिच्या वरची काळी दोन. ही सुरावट बहुधा याच पट्टीत लिहून दाखवतात. पाचही स्वर जवळजवळ सारख्या अंतराने वाजवावेत. शेवटचा थोडा लांबवावा.

दोन-चार वेळा वाजवून पाहिल्यावर काही गोष्टी आपोआप ध्यानात येतील. पहिली चाल अगदी लहान आहे, रे वरून शेजारच्या ग वर. दुसरी त्याहून मोठी, ग वरून सा वर खाली. तिसरी एकदम संपूर्ण सप्तकाची उडी. चौथी खालच्या सा वरून प वर चढणारी. पाऊल, मोठे पाऊल, उडी, आणि मग अर्ध्या वाटेने वर येऊन थांबणे. एवढ्या पाच स्वरांत कानाला एक आकृती मिळते आणि ती विसरली जात नाही. मूल खेळण्यावर वाजवू शकेल इतकी ती सोपी आहे आणि दुसऱ्या कोणत्याही सुरावटीशी घोटाळा होणार नाही इतकी वेगळीही आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या स्वराची. सुरावट सा वर संपत नाही, प वर संपते. आपण प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट किंचित वर उचलतो, तसा येथे खालच्या सा वर पोचलेला आवाज पुन्हा वर उचलला जातो आणि उघडा राहतो. म्हणूनच ही हाक आहे असे वाटते. ऐकणाऱ्याने काहीतरी म्हणावे अशी जागा तिने मोकळी सोडलेली असते.

स्वरांचे गणित

संगीताच्या पाठ्यपुस्तकात सोयीसाठी मध्य सा ची कंपनसंख्या दर सेकंदास २४० धरतात. त्या हिशेबाने रे २७०, ग ३००, सा २४०, मंद्र सा १२० आणि मंद्र प १८० होतो. या पाचही संख्यांना ३० ने भाग जातो. भागून पाहिले तर उरते :

९ – १० – ८ – ४ – ६

तार छेडली असता मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म नादही निघतात, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो याच कारणाने. वर दिलेल्या संख्या म्हणजे एकाच मूळ नादाचे नववे, दहावे, आठवे, चौथे आणि सहावे अंश होत. हवा, तार किंवा नळी कोठेही असो, तेथे हे नाते निघेल. परग्रहावरच्या प्राण्यास आपला एखादा स्वरसमूह ओळखीचा वाटावा अशी अपेक्षा ठेवावयाचीच असेल तर ती अशाच समूहाकडून ठेवता येईल.

विल्यम्स यांनी हा हिशेब मांडून सुरावट रचली असे मला म्हणावयाचे नाही. शिवाय सिंथेसायझर किंवा हार्मोनियम यांचे स्वर समान अंतराच्या पट्टीत बसवलेले असतात. त्यांचा ग ३०० वर न पडता सुमारे ३०२ वर पडतो आणि तानपुऱ्याशी घासतो. तरी नाते कानाला समजण्याइतके जवळचे राहते. सप्तकाची दुप्पट आणि षड्ज-पंचमाचा दीडपट संबंध हे दोन सर्वांत साधे संबंध सुरावटीच्या उत्तरार्धात एकापाठोपाठ आले आहेत हे विशेष.

येथवर आल्यावर पाहुण्यांचे वाक्य सिद्ध झाले असे वाटू लागते. निसर्गातच स्वर आहेत, गणित सर्वत्र सारखे आहे, तेव्हा संगीत ही विश्वाची भाषा. परंतु एक प्रयोग अजून करावयाचा आहे.

सा कोणता?

वर आपण तिसरा स्वर सा आहे असे धरून चाललो. हे कशावरून? सुरावट सुरू होते तेव्हा मागे तानपुरा नाही. पहिला स्वर कानावर पडतो तेव्हा तो रे आहे हे ऐकणाऱ्यास कळण्यास मार्ग नाही. आता तानपुरा तीन वेगवेगळ्या प्रकारे लावून तीच सुरावट त्याच उंचीवर वाजवून पाहावी.

पहिल्या वेळी तानपुरा सुरावटीच्या तिसऱ्या स्वरावर लावावा. रे, ग, सा, सा, प असे ऐकू येते. शेवट उघडा राहतो; प्रश्न विचारल्यासारखे वाटते.

दुसऱ्या वेळी तानपुरा पहिल्या स्वरावर लावावा. आता तेच पाच स्वर सा, रे, कोमल नी, त्याखालचा कोमल नी आणि मध्यम असे होतात. प्रसन्नता नाहीशी होते. सुरावट आपल्या घरातून निघून कोठेतरी खाली उतरली आणि तेथेच राहिली असे वाटते.

तिसऱ्या वेळी तानपुरा शेवटच्या स्वरावर लावावा. आता प, ध, म, मंद्र म, सा असे ऐकू येते. सुरावट सा वर येऊन विसावते. प्रश्न उरत नाही. तेच पाच स्वर आता उत्तर देतात.

एकाही स्वराची उंची आपण बदललेली नाही. कंपनसंख्या त्याच, क्रम तोच, वाद्य तेच. बदलला तो फक्त ऐकणाऱ्याचा सा. आणि तेवढ्याने प्रश्नाचे उत्तर झाले. या प्रयोगाचा अर्थ फार मोठा आहे. गणित ध्वनीपाशी थांबते. अर्थ ध्वनीत नसतो. ऐकणारा आपला सा घेऊन येतो आणि त्या सा च्या आधाराने अर्थ लावतो.

भाषेतही हेच होत नाही काय? मराठी घरात ‘ताई’ म्हटले की थोरली बहीण पुढे येते. शेजारच्या कानडी घरात ‘तायी’ म्हणजे आई. उच्चार जवळजवळ एक. पण तानपुरा दुसऱ्या स्वरावर लावलेला आहे.

लाकोंब या अडचणीवर एक उपाय करतो. तो पाच स्वर हातांच्या खुणांनी दाखवतो. मूठ म्हणजे डो, वर तिरका पंजा म्हणजे रे, आडवा सपाट पंजा म्हणजे मी, अंगठा वर करून तळवा आपल्याकडे वळवला म्हणजे सोल. या खुणा इंग्लंडमधील जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनी मुलांना गाणे शिकवण्यासाठी रूढ केल्या आणि हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या शिक्षणपद्धतीमुळे त्या सर्वत्र माहीत झाल्या. या पद्धतीत डो एका ठरावीक उंचीला बांधलेला नसतो; गाणाऱ्याच्या सोयीप्रमाणे तो कोठेही धरता येतो. म्हणजे आपल्या षड्जाप्रमाणेच. त्यामुळे लाकोंबने तिसऱ्या स्वरापाशी मूठ वळली की त्याने केवळ उंची दाखवली नाही. ‘माझा सा हा आहे’ असे सांगितले.

हाक आणि उत्तर

आता प्रत्यक्ष संगीतखंडाकडे वळू. माणसांच्या बाजूला एआरपी कंपनीचा २५०० हा सिंथेसायझर आहे. तो पडद्यावर वाजवणारा फिलिप डॉड्स हा नट नव्हता. तो त्या कंपनीचा तंत्रज्ञ. यंत्र बसवण्यासाठी आला आणि भूमिकाही त्यालाच मिळाली. ध्वनिमुद्रणात माणसांच्या बाजूला ओबोचाही आवाज आहे. ओबो हे दुहेरी पत्तीचे वाद्य, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले. आवाज बारीक, स्वच्छ आणि किंचित सानुनासिक. यानाचा आवाज आहे ट्यूबाचा. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या खांद्यावरून फणा काढल्यासारखे मोठ्या तोंडाचे पितळी वाद्य असते, त्याच जातीतले हे सर्वांत खोल वाद्य. तो ट्यूबा जिम सेल्फ या वादकाने वाजवला.

या खंडाचे सरळ चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा हाकेचा. वादक पाच स्वर एकेक करून सावकाश वाजवतो. प्रत्येक स्वराबरोबर मोठ्या फलकावर एकेक रंग उजळतो. मध्ये शांतता. शांततेला येथे स्वराइतकेच महत्त्व आहे, कारण उत्तर येण्यासाठी जागा सोडावी लागते. आपले बोलणे झाल्यावर गप्प राहणे हा संभाषणाचा पहिला नियम विल्यम्स यांनी प्रथम पाळला आहे.

दुसरा टप्पा उत्तराचा. यान खर्जातून बोलते, आणि इतक्या जोराने की निरीक्षकांच्या कोठडीची काच फुटते. प्रेक्षक हसतो, पण संगीताच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. यानाचा आवाज माणसांच्या आवाजाहून कितीतरी खालच्या सप्तकात आहे, त्याची जातही निराळी आहे, आणि तरीही संभाषण चालू राहते. याचा अर्थ, सप्तक बदलले व वाद्य बदलले तरी स्वरसमूह तोच राहतो ही कल्पना दोघांनाही मान्य आहे. बाप आणि लहान मुलगी एकच आरती म्हणतात तेव्हा दोघांच्या आवाजात सप्तकाचे अंतर असते. तरी आपण ती एकच चाल समजतो, तसेच हे.

तिसरा टप्पा धड्याचा. आता यान केवळ ऐकलेले परत म्हणत नाही. नवे स्वरसमूह पुढे ठेवते. माणसांचे वाद्य ते उचलते. समूह लांब होत जातात, लय वाढते, पट्टी बदलते. तंत्रज्ञ आलेल्या स्वरांचे गट मोठ्याने मोजून सांगत असतात. हे काय चालले आहे असे कोणी विचारतो, तेव्हा ते आपल्याला स्वरांची प्राथमिक बाराखडी शिकवीत असावेत असे उत्तर मिळते. शाळेचा हा पहिला दिवस आहे, असेही एक जण म्हणतो.

आपल्याकडच्या वाचकाला येथे सवाल-जवाबाची आठवण होईल. साम्य आहे, पण फरक अधिक शिकवणारा आहे. सवाल-जवाबात दोन्ही वादकांना राग ठाऊक असतो, ताल ठाऊक असतो, सम कोठे पडणार हेही ठाऊक असते. तेथे चढाओढ असते. येथे एका बाजूला काहीच ठाऊक नाही. म्हणून हे तालमीच्या अधिक जवळचे आहे. गुरू एक तुकडा गातो, शिष्य तो जसाच्या तसा गाण्याची खटपट करतो. तुकड्याचा अर्थ त्याला त्या दिवशी कळत नाही. कित्येकदा वीस वर्षांनी कळतो. पण तो नीट परत म्हणता आला, एवढ्यावर पुढचा तुकडा मिळतो.

चौथ्या टप्प्यात माणूस मागे पडतो. संगणक संभाषण आपल्याकडे घेतो आणि वादकाचे काम संपते. दोन्ही बाजूंचे स्वर इतक्या वेगाने धावू लागतात की कोण विचारतो आणि कोण सांगतो हे वेगळे करता येत नाही. मग संभाषण थांबते आणि पुढे यानाचे दार उघडते.

या चारही टप्प्यांत कोणाला काय समजले? चित्रपट ते सांगत नाही, आणि तेच योग्य आहे. एकाही स्वराचे भाषांतर झालेले नाही. तो नकाशेवाला दुभाषी मैदानावर आहे, पण येथे त्याला काही काम नाही. यानाने आपला सा कोठे धरला होता हे शेवटपर्यंत कोणास कळत नाही. कदाचित माणसांनी प्रश्न म्हणून जे वाजवले ते यानाला उत्तर म्हणून ऐकू आले असेल. तरीही दोघांत काहीतरी घडले आहे. दुसऱ्याने जे म्हटले ते मी नीट ऐकले, ही गोष्ट प्रत्येकाने दुसऱ्यास पटवून दिली.

वाद्यवृंद कोठे आहे?

येथे एक शंका कोणी घेईल. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या संगीतकाराचा हा सर्वांत प्रसिद्ध खंड, आणि त्यात वाद्यवृंद जवळजवळ नाहीच, हे कसे?

चित्रपटातील संगीत दोन प्रकारचे असते. एक पात्रांना ऐकू येणारे, दुसरे फक्त प्रेक्षकांना ऐकू येणारे. दुसरे म्हणजे पार्श्वसंगीत. हा खंड पहिल्या प्रकारचा आहे. मैदानावरची माणसे जे ऐकतात तेच आपण ऐकतो. मागून तंतुवाद्यांनी आपल्याला ‘आता आनंद माना’ किंवा ‘आता भ्या’ असे सांगितले असते, तर तो त्यांचा निवाडा झाला असता. विल्यम्स यांनी तो आवरला. त्यामुळे स्वरांचा अर्थ शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या रांगेत प्रेक्षकही उभा राहतो.

या संयमाची किंमत संपूर्ण संगीत ऐकल्यावर कळते. चित्रपटाची सुरुवात काळ्या पडद्यावर होते. एकमेकांना चिकटलेल्या स्वरांचा एक धूसर पुंजका हळूहळू वाढत जातो आणि मग अकस्मात, पांढऱ्या प्रकाशाबरोबर, सबंध वाद्यवृंदाचा एकच आघात होतो. पूर्वार्धात भीतीच्या जागी असेच पुंजके येतात. त्यांत सा कोणता हे सांगताच येत नाही. पुढे संभाषणात वाद्यवृंद बाजूला होतो. आणि ते संपल्यावर, अखेरच्या भागात, तेच पाच स्वर तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये यांच्या हाती येतात. आता त्यांच्याखाली स्वरमेळ आहे. आपल्याकडे जे काम तानपुरा करतो ते पाश्चात्त्य संगीतात हा मेळ करतो. सा कोठे आहे हे तो सांगतो. आरंभी सा नाही, मध्ये दोघांचे दोन सा आणि अखेरीस सर्वांखाली एक आधार, असा हा प्रवास आहे.

हाळ गावची गर्दी

या पाच स्वरांचा आपल्या भागाशी एक खरा संबंध आहे. हिंदुस्थानातील ज्या प्रसंगात हजारो लोक ही सुरावट गातात, तो कथेत उत्तरेकडील धरमशाला येथे घडतो. पण त्याचे चित्रीकरण फेब्रुवारी १९७७ मध्ये मुंबईपासून सुमारे ३५ मैलांवर, खालापूरजवळच्या हाळ या गावी झाले. हा आवाज कोठून आला असे त्या गर्दीला विचारतात, तेव्हा सगळे हात एकदम वर होतात आणि बोटे आकाशाकडे वळतात.

संगीताच्या दृष्टीने पाहता, सुरावट येथे सामुदायिक कंठातून, कोणत्याही मेळाशिवाय येते. भजनात शंभर माणसे एकच चाल एकाच सुरात म्हणतात, तशी. अखेरीस तीच सुरावट मेळाचा साज चढवून येते. एका परंपरेत स्वर एका रेषेत चालतात, दुसरीत ते एकमेकांवर उभे राहतात. पाच स्वरांनी दोन्ही वस्त्रे अंगावर घेतली आणि दोन्हींत ते ओळखू आले. प्रसंगातील हिंदुस्थान परदेशी नजरेने रंगवलेला आहे, साधू आणि गर्दी यांपलीकडे तो फारसा जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी स्वर प्रथम सापडतात ते प्रयोगशाळेत नव्हे, गाणाऱ्या माणसांत, एवढे श्रेय त्या प्रसंगाला द्यावयास हवे.

समारोप

आता पाहुण्यांच्या वाक्याकडे परत येऊ. संगीत ही विश्वाची भाषा आहे काय? या खंडाची फोड केल्यावर मला त्याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते. स्वरांमधले नाते निसर्गाचे आहे, ते सर्वत्र सापडेल. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या षड्जावर अवलंबून आहे, आणि षड्ज घरोघरी वेगळा असतो. कानडी येत नसणारा मराठी श्रोता भीमसेन जोशींच्या कंठातील दासांची पदे तल्लीन होऊन ऐकतो. म्हणून त्याला ती पदे समजली असे होत नाही. स्वर पोचले, शब्द दारातच राहिले. ‘संगीताला भाषा नसते’ असे म्हणून तो त्यावर समाधान मानतो, तेव्हा शिकण्याचा एक चांगला प्रसंग दवडतो.

पण हा खंड केवळ ‘नाही’ म्हणून थांबत नाही. अर्थ कळण्यापूर्वी काय करावयाचे असते तेही तो दाखवतो. आपले म्हणणे थोडक्यात म्हणावे. मग गप्प राहावे. समोरच्याने म्हटलेले, त्याचा अर्थ लागो न लागो, जसेच्या तसे म्हणून पाहावे. ते जमले की त्याच्या पुढच्या स्वरासाठी कान द्यावा. यानाने आणि माणसांनी याहून अधिक काही केले नाही. अखेरच्या प्रसंगात परग्रहवासी लाकोंबसमोर उभा राहतो. लाकोंब हाताने पाच खुणा करतो. तो लहानसा प्राणी त्या पाहतो आणि आपल्या हाताने परत करून दाखवतो.

या नियतकालिकाची कानडी पाने उघडली की आपल्यापैकी पुष्कळजण ती तशीच उलटून पुढे जातात, आणि तिकडचे वाचक आपल्या पानांचे तेच करीत असतील. या खेपेस निदान एका कवितेचे शीर्षक शेजारच्या मित्राकडून वाचून घ्यावे आणि त्याच्यासारखे म्हणून पाहावे. उच्चार चुकेल, तो हसेल, पुन्हा म्हणून दाखवील. शाळेचा पहिला दिवस असाच असतो.